प्रतिकूल शेरे तेवढे कळवावेत

नागपूर,
रविवार, १९ जानेवारी २०२५

ती. चारुआत्यास,
मुग्धाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र पोचलं. माझ्या मागच्या पत्रातल्या चौदा चुका लाल शाईने दुरुस्त करून ते मलाच परत पाठवल्याबद्दल आभारी आहे. कुहीच्या शाळेत बत्तीस वर्षं मराठी शिकवून तू निवृत्त झालीस, तुझी लाल शाई मात्र अजून सेवेत दिसते. तुला फोनवर ‘हॅलो’ आणि ‘ठेवते’ एवढंच ऐकू येतं, म्हणून आपला हा पत्रांचा उद्योग. माझ्या वर्गातल्या काजलला मी पोस्टाच्या पेटीत पत्र टाकताना दिसले, तर तिने मला दोनदा विचारलं की त्यातून पत्रं काढतं तरी कोण.

मी कशी आहे असं विचारलं आहेस. मी सध्या दोघी आहे. एक बी.एस्सी. तृतीय वर्षाची, भौतिकशास्त्रवाली, हजेरी एकाहत्तर टक्के. दुसरी एनसीसीची सीनियर अंडर ऑफिसर, हजेरी शंभर टक्के. दोघींना मिळून शरीर एकच दिलेलं आहे, तिथे गोंधळ होतो. शनिवारी साडेपाचला मी मैदानावर असते आणि आठला प्रयोगशाळेत. खाकी गणवेशावर पांढरा एप्रन, अंबाड्याला जाळी आणि खाली ते दोन किलोचे बूट, अशा थाटात मी प्रिझममधून प्रकाशाचे रंग बघते. गेल्या शनिवारी तांबड्यापर्यंत पोचले आणि तिथेच उभ्याउभ्या डोळा लागला. विभागप्रमुख मॅडमनी सगळ्यांना सांगितलं की देशाच्या सीमा आता सुरक्षित हातांत आहेत.

आमचे कवायतीचे उस्ताद पंजाबचे. ‘पांढरीपांडे’ असं पूर्ण आडनाव उच्चारेपर्यंत अख्खी तुकडी मैदानाबाहेर निघून जाईल, म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी अर्धं कापून मला ‘पांडे’ केलं. अकरावीपासून पाच वर्षं झाली, त्यांची समजूत आहे की मी मूळची बनारसची. कॉलेजला एनसीसी म्हणजे काय हे त्याहून नीट कळलेलं आहे. पाहुणे आले की दोन रांगा, गॅदरिंगला दारावर गर्दी आवरायची, रक्तदान शिबिरात बिस्किटं वाटायची. परवा देशाची ही भावी अधिकारी दोन तास दुचाक्या तिरप्या लावून घेत होती. कँटीनचे नत्थूजी तर रोज विचारतात की बाई, तुले हे लोक एवढं पळवून काहून राहिले, कोनाचं काय चोरलं वं तू. त्यांना अजून समाधानकारक उत्तर देता आलेलं नाही.

आता मुद्द्याचं. एनसीसीचं सी सर्टिफिकेट हातात असलं की सेनेत अधिकारी होण्यासाठी लेखी परीक्षा नसते, सरळ मुलाखतीला बोलावतात. फॉर्म पुढच्या महिन्यात निघणार. मला भरायचा आहे. बाबांचं म्हणणं, एनसीसी ही गुणांसाठी होती, ते मिळाले, विषय संपला. मग मी त्यांना त्यांच्याच भाषेत कोऱ्या कागदावर अर्ज केला. तुझ्या धाकट्या भावाने आयुष्यभर सिंचन खात्यात फायली परत पाठवल्या आहेत, माझीही पाठवली. समासात लिहिलं आहे: पदवीचा पुरावा जोडलेला नाही. ‘तीव्र इच्छा’ म्हणजे काय याचा बोध होत नाही. त्रुटी पूर्ण करून फेरसादर करावे. खाली सही आणि तारीख. आई माझ्या बाजूने आहे, पण आईची बाजू फाइलवर येत नाही.

तू काय म्हणतेस ते कळव. लोभ आहेच, तो निदान फॉर्मची मुदत संपेपर्यंत टिकव.

तुझी,
मुग्धा (दोन्ही)

* * *

कुही,
२७ जानेवारी २०२५

चि. मुग्धा हिस अनेक आशीर्वाद.

या वेळी चुका नऊ. प्रगती आहे. ‘कवायत’ बरोबर लिहिलंस, ते पाच वर्षांत मैदानावर शिकलीस की माझ्याकडे, हा वाद नको.

गिरिधरच्या टिप्पणीचं मला नवल वाटलं नाही. चौथीत असताना त्याची पाटी कुणी तरी घेतली, तर त्याने आरडाओरडा केला नाही. वहीच्या मागच्या पानावर दिनांक, वार आणि संशयितांची नावं लिहून ठेवली. पाटी काही मिळाली नाही, पण नोंद अजून असेल. आमच्या घरात तोंडाने बोलणं माझ्या वाट्याला आलं आणि लिहून ठेवणं त्याच्या. वाटणी थोडी चुकलीच.

तू सज्ञान आहेस. फॉर्म भर. बापाला न विचारता भर असं मी सांगत नाही, त्याला विचारून झालेलं आहे, उत्तर ‘फेरसादर’ आलं आहे, आणि फेरसादर करायला मुदत दिलेली नाही, एवढंच मी मराठीची शिक्षिका म्हणून वाचून दाखवते. इथे शेजारच्या अंजनाबाईला मी हे सांगितलं, तर तिचं म्हणणं पडलं की पोरीच्या जातीले बंदूक कायले पाह्यजे, जीभ आहे नं. मी तिला म्हटलं, आमच्या मुग्धाकडे दोन्ही असू दे.

हजेरीचं तेवढं बघ. एकाहत्तर टक्क्यांत कुणी अधिकारी झाल्याचं ऐकलं नाही. मनात माया आहे हे वेगळं लिहीत नाही, लाल शाईतच ती समजून घे.

तुझी,
चारुआत्या

* * *

नागपूर,
रविवार, २० एप्रिल २०२५

ती. चारुआत्यास,
उन्हाने भाजलेल्या मुग्धाचा सा. न. वि. वि.

बोलावणं आलं. भोपाळला, १२ ते १६ मे, पाच दिवस मुलाखत. मी हे वर्गात सांगितलं तर उन्मेषने पेढे मागितले आणि काजल रडली, म्हणजे दोघांनाही वाटतंय की माझी निवड झालीच. निवड होण्याआधी मला अजून एक लढाई जिंकायची आहे, ती भौतिकशास्त्र विभागाशी. माझं प्रात्यक्षिक १४ मेला आहे.

विभागप्रमुख मॅडम वाटल्या त्याहून चांगल्या निघाल्या. १९ मेच्या तुकडीत टाकते म्हणाल्या. फक्त प्राचार्यांकडे पालकाचा लेखी अर्ज हवा. आत्या, मी एकवीस वर्षांची आहे. उद्या सरकार माझ्या हाताखाली तीस जवान देऊ शकतं. पण प्रिझम बुधवारऐवजी सोमवारी बघायचा असेल तर बाबांची सही लागते. मी अर्ज स्वतः लिहून बाबांपुढे ठेवला. तीनदा परत आला. पहिल्या वेळी विषय ठळक नव्हता. दुसऱ्या वेळी सोबत मुलाखतपत्राची प्रत नव्हती. तिसऱ्या वेळी प्रत होती, पण ती साक्षांकित नव्हती. ते नाही म्हणत नाहीत, हे लक्षात घे. नाही म्हणाले असते तर मी भांडले तरी असते.

आणि दुसरी गोष्ट, ती जास्त अवघड आहे. त्या पाच दिवसांत एक लेखी चाचणी असते. पंधरा मिनिटांत स्वतःबद्दल लिहायचं असतं. मित्रांना तुझ्याबद्दल काय वाटतं, शिक्षकांना काय वाटतं, तुला स्वतःला काय वाटतं आणि पहिलाच रकाना, आईवडिलांना तुझ्याबद्दल काय वाटतं. खरं लिहायचं असतं. तिथले लोक मुलाखतीत खोदून विचारतात, बनवलेलं लगेच पकडतात म्हणे.

मी सराव म्हणून लिहायला बसले. मित्रांचं लिहिलं. मॅडमचं लिहिलं, त्यांनी उभ्याउभ्या झोपण्याचं कौशल्यही ओळखलं आहे. आईचंही लिहिलं, तिने पोळ्या लाटतालाटता सगळं सांगितलं. बाबांपाशी येऊन थांबले. बाबा मला सांगतात ते एवढं: ओला टॉवेल पलंगावर टाकतेस, गाडीचा स्टँड नीट लावत नाहीस, अक्षर घाईचं आहे, दिवे चालू ठेवतेस. मी खूप आठवलं, आत्या. दुसरं काही आठवेना. मला आधी हसू आलं आणि मग आलं नाही. त्यांना माझ्याबद्दल काय वाटतं ते मला खरंच माहीत नाही.

त्यांना मी विचारू शकत नाही, ते ‘प्रयोजन काय’ असं विचारतील. तू विचारशील का? तुझी ते लहानपणापासून थोडी भीती बाळगून आहेत. माझ्यावरचा जीव या कामी थोडा खर्च कर, उरलेला निकालाला लागेल.

तुझी,
मुग्धा

* * *

कुही,
२५ एप्रिल २०२५

चि. गिरिधर यास आशीर्वाद.

या पत्राला आवक क्रमांक देऊन घे, म्हणजे पुढे हरवलं म्हणता येणार नाही.

पहिली गोष्ट, मुग्धाचा अर्ज. तू तीनदा त्रुटी काढल्यास असं कळतं. स्वतःच्या मुलीला भोपाळला जाऊ द्यायला तुला साक्षांकित प्रत लागते, यावरून तुझ्या खात्यातले कालवे अजून का वाहत नाहीत ते माझ्या लक्षात आलं. चौथी त्रुटी काढायची असेल तर मला बसने नागपूरला यावं लागेल, आणि मी आले की पंधरा दिवस राहते, हे तुझ्या बायकोला विचार.

दुसरी गोष्ट. तुला तुझ्या मुलीबद्दल काय वाटतं? टॉवेलबद्दल नाही, मुलीबद्दल. तिला तिकडे ते लिहायचं आहे आणि पोरीला माहीतच नाही. एकवीस वर्षं एका छताखाली राहून हा प्रश्न तिला कुहीमार्गे विचारावा लागतो, याची तुला लाज वाटावी असं मला मनापासून वाटतं. मोघम लिहू नकोस. ‘बरी आहे’ असं आलं तर पत्र परत येईल, आणि त्यावर चूक एकच असेल.

वहिनीस आशीर्वाद सांग. तुझ्यावर राग आहे, पण तो रागच आहे, दुसरं काही समजू नकोस.

तुझी,
ताई

* * *

नागपूर,
२ मे २०२५

ती. ताईस,
गिरिधरचा सा. न. वि. वि.

तुझं दि. २५ एप्रिलचं पत्र मिळालं. मुद्देनिहाय उत्तर देत आहे.

मुद्दा एक. अर्जावर आज सही केली. तो प्राचार्यांच्या कार्यालयात मी स्वतः नेऊन दिला आणि पोच घेतली. आधीच्या तीन त्रुटींबद्दल तू जे लिहिलंस ते मान्य आहे. ताई, अर्ज नामंजूर करायला कारण लागतं. मी शोधलं, मला सापडलं नाही. म्हणून त्रुटी काढल्या. कार्यालयात आम्ही असंच करतो.

मुद्दा दोन. तू विचारलेलं मला साध्या पत्रात लिहिता येईना. चार कागद फाडले. शेवटी ज्या नमुन्यात मी पंचवीस वर्षं हाताखालच्या माणसांबद्दल लिहीत आलो, त्याच नमुन्यात लिहिलं. ते सोबत आहे. हा गोपनीय अहवाल आहे. मी शिकलो तो नियम असा की प्रतिकूल शेरे तेवढे कर्मचाऱ्याला लेखी कळवायचे, म्हणजे त्याला सुधारणा करता येते. चांगले शेरे कळवायचे नाहीत, ते वरिष्ठांसाठी असतात. तू वरिष्ठ आहेस म्हणून पाठवतो. मुग्धाला दाखवू नये.

गोपनीय अहवाल

नाव: कु. मुग्धा गिरिधर पांढरीपांडे.
कालावधी: जन्मापासून आजपर्यंत.
वक्तशीरपणा: दिवसा साधारण, पहाटे उत्कृष्ट. पाच वर्षांत एकाही शनिवारी तिला कवायतीसाठी उठवावं लागलं नाही. अहवाल लिहिणारा दर शनिवारी तिच्या आधी जागा असतो आणि गाडीचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत पडून राहतो. ही बाब तिला ठाऊक नाही.
सहकाऱ्यांशी वागणूक: मागच्या डिसेंबरच्या शिबिरात एक मुलगी तापाने आजारी पडली. मुग्धाने नेमबाजीच्या स्पर्धेतलं आपलं नाव काढून घेतलं आणि दोन दिवस तिच्याजवळ बसली. घरी येऊन स्पर्धा रद्द झाली असं सांगितलं. खरी हकीकत त्या मुलीच्या वडिलांकडून कळली.
सचोटी: संशयातीत. वरील एक प्रसंग वगळून.
कठीण प्रसंगी वर्तन: तीन वर्षांपूर्वी माझ्या हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी पत्नी सही करायला धजेना, म्हणून संमतीपत्रावर मुग्धाने सही केली. वय अठरा पूर्ण होऊन चार महिने झाले होते. तिने कागद पूर्ण वाचला, डॉक्टरांना दोन प्रश्न विचारले आणि मग सही केली. मी खाटेवरून पाहत होतो. मला त्या वेळी भीती वाटली नाही.
प्रतिकूल शेरे: ओला टॉवेल, गाडीचा स्टँड, अक्षर, दिवे. वेळोवेळी कळवले आहेत.
सर्वसाधारण शेरा: पदोन्नतीस पात्र.
सही, दि. २ मे २०२५.

इतकंच. उन्हाची काळजी घे. भावावर मन असावं, त्रुटींसह.

तुझा,
गिरिधर

* * *

कुही,
६ मे २०२५

चि. गिरिधर यास अनेक आशीर्वाद.

अहवाल वाचला. दोनदा वाचला. चूक एकही नाही, लाल पेन खाली ठेवलं आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते अंजनाबाईने पाहिलं आणि आता सगळ्या कुहीला वाटतंय की नागपूरला कुणी तरी गेलं.

तू सांगितलंस म्हणून मी तो तिला पाठवत नाही. पण गिरिधर, ज्या नियमावर तू बसला आहेस तो तुझ्याच सरकारने कधीचा बदलला. आता अख्खा अहवाल कर्मचाऱ्याला दाखवावा लागतो, चांगला असो की वाईट. आमच्या शाळेतसुद्धा मला माझा दाखवत होते, मी सही करून पोच देत होते. कार्यालयात तू हे रोज करत असशील. घरी परिपत्रक पोचलं नाही का? तुझ्या मुलीला आयुष्यभर आपले फक्त दोष कळत आले आणि ती समजते की तुझ्याकडे तिची नोंद एवढीच आहे. तिला रविवारी गाडीत बसायचं आहे. त्या रकान्यात ती काय लिहिणार, याचा विचार कर.

अहवालाची प्रत तू ठेवतोसच, मला माहीत आहे. ती तिच्या हातात दे. मी पाठवली तर ते माझं पत्र होईल, तू दिलीस तर ते तुझं होईल.

तुझ्यावर आज फार जीव आला आहे, त्याचा गैरफायदा घेऊन उशीर करू नकोस.

तुझी,
ताई

* * *

भोपाळ, रेल्वे स्टेशन,
शुक्रवार, १६ मे २०२५

ती. चारुआत्यास,
मुग्धाचा सा. न. वि. वि.

नाही झालं. आधी हेच लिहून टाकते, म्हणजे तुला पत्राच्या शेवटाकडे उडी मारावी लागणार नाही. आम्ही सगळे छातीवर आकडे लावून रांगेत उभे होतो, सहा आकडे वाचले, त्यात माझा नव्हता. मग आकडे परत घेतले, चहा दिला आणि बसने स्टेशनवर आणून सोडलं. शिस्त उत्तम आहे, नाकारतानाही वेळ पाळतात. घरी फोन केला. बाबांनी ‘बरं’ म्हटलं आणि गाडी कोणत्या फलाटावर येते ते विचारलं.

पाच दिवस मजेत गेले, हे खोटं नाही. पहिल्या दिवशी अर्धे लोक घरी पाठवले, मी राहिले. मैदानावर फळ्या आणि पिंपं देऊन नाला ओलांडायला सांगतात, जमिनीला काही लागू द्यायचं नाही. मी आमच्या गटाची फळी दोनदा पाडली, दुसऱ्यांदा एका उंच मुलाच्या पायावर. त्याची निवड झाली, लंगडत गेला. माझ्या शेजारच्या खाटेवरची मुलगी केरळची होती, तिला हिंदी येत नव्हतं आणि मला मल्याळम, तरी तिला माझ्या विभागप्रमुखांची सगळी हकीकत कळली.

आता तो रकाना. तुझ्याकडून बाबांचं काही आलं नाही, म्हणजे त्यांनी सांगितलं नसणार, तुझा दोष नाही. आईचं मी लिहिलं. बाबांचं जे मला ठाऊक होतं ते लिहिलं. टॉवेल, स्टँड, अक्षर, दिवे. सैन्याच्या मानसशास्त्रज्ञाने ते वाचलं असेल. पुढे मुलाखतीत एका वयस्क अधिकाऱ्याने वडिलांबद्दल विचारलं. मी तेच सांगितलं, हसतहसत. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं की आणि चांगलं काय वाटतं त्यांना. आत्या, मला पाच दिवसांत हजार प्रश्न विचारले, उत्तर एवढ्या एकाचंच आलं नाही. मी म्हटलं, त्यांनी अजून सांगितलेलं नाही. ते म्हणाले ठीक आहे, आणि पुढच्या प्रश्नाकडे गेले. त्यानंतर मी नीट बोलू शकले नाही.

त्यामुळेच गेलं असं मी म्हणत नाही. फळी मीच पाडली. सोमवारी प्रात्यक्षिक आहे, गाडीत प्रिझम वाचते. तुझी माया असू दे, आज जरा जास्त लागेल.

तुझी,
मुग्धा

* * *

नागपूर,
रविवार, १८ मे २०२५

ती. ताईस,
गिरिधरचा सा. न. वि. वि.

तुझं दि. ६ मेचं पत्र मला ९ तारखेला मिळालं. नियमाबद्दल तू लिहिलंस ते बरोबर आहे. कार्यालयात आम्ही कित्येक वर्षं पूर्ण अहवाल दाखवतो. मी स्वतः दाखवतो. घरी तसं करावं असं डोक्यातच आलं नाही.

गेल्या रविवारी अहवालाची प्रत शर्टाच्या खिशात ठेवून मी तिला स्टेशनवर सोडायला गेलो. गाडीला वीस मिनिटं होती. देतो देतो असं मनात चाललं होतं. गाडी हलायला लागली तेव्हा मी तिला म्हणालो की पाण्याची बाटली विसरलीस. बाटली तिच्या हातात होती. ती मला दाखवत ती गेली आणि कागद खिशातच राहिला.

तिचा नाही झाल्याचा फोन आला, तेव्हा मला बरं वाटलं. तुझ्यापासून लपवत नाही. फोन ठेवून मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. शनिवारी सकाळी ती गाडीतून उतरली. पाठीवर पिशवी, मान ताठ. सांगायला लागली, पिंपं, फळ्या, केरळची मुलगी, आणि मग हसतहसत तिने सांगितलं की एका अधिकाऱ्याने विचारलं, वडिलांना तुझ्यातलं चांगलं काय वाटतं, आणि मला काही येईना. हे तिने माझी चेष्टा करावी तसं सांगितलं. मग हसायचं थांबली. मला फार लाज वाटली, ताई.

मी तिला फलाटावरच्या बाकावर बसवलं. तोंडाने सांगता येईना, म्हणून कागद काढून वाचून दाखवला. पूर्ण वाचला, नावापासून सहीपर्यंत. मधे एकदा माझं अक्षर मलाच लागेना, तिथून पुढे तिने वाचलं. शस्त्रक्रियेचं तिने मनातल्या मनात वाचलं. शेवटी सही पाहिली, मग तारीख पाहिली. २ मे. तारखेवर तिने बराच वेळ बोट ठेवलं. मग घडी घालून मला परत दिला आणि म्हणाली की ऊन व्हायच्या आत घरी जाऊ.

कालपासून ती जेवढ्यास तेवढं बोलते. वेळेत दिला असता तर तिचं झालं असतं का, हे मी विचारू कुणाला? तूच सांग. मला या घडीला तुझी गरज आहे, बस मिळाली तर ये.

तुझा,
गिरिधर

* * *

नागपूर,
रविवार, १ जून २०२५

ती. चारुआत्यास,
मुग्धाचा सा. न. वि. वि.

तू आलीस, चार दिवस राहिलीस, बाबांना ओरडलीस, आईला आराम दिलास आणि परत गेलीस. घरात आता इतकी शांतता आहे की बाबांनी स्वतःहून रेडिओ लावला. प्रात्यक्षिक बरं झालं, या वेळी तांबड्यावर थांबले नाही.

तू गेल्यावर नवीन पद्धत सुरू झाली. रोज जेवताना बाबा मला एक अनुकूल शेरा कळवतात. घसा साफ करतात, मान खाली घालतात आणि कळवतात. सोमवारी गाडीचा स्टँड नीट लावला होता. मंगळवारी अक्षर सुधारलं होतं, मी काही लिहिलेलं नसताना. काल म्हणाले की पोळी चांगली गोल झाली. पोळी आईची होती. आईने तो शेरा खाली मान घालून स्वीकारला.

मला राग आला होता, आत्या, तू पाहिलास. तो कागद दहा दिवस माझ्या घरात होता आणि मी भोपाळला बसून आठवत होते. त्या तारखेचा राग अजून पूर्ण गेलेला नाही आणि तो जाईल तेव्हा जाईल. तू म्हणालीस की त्या कागदाने माझी फळी काही सावरली नसती. खरं आहे. पण मुलाखतीत मी खोलीत एकटी बसले होते, तशी एकटी बसले नसते.

पुढचा फॉर्म पावसाळ्यात निघेल. तो मी भरणार, हे सांगायला काल बाबांपुढे गेले. कोरा कागद नेला नाही, तोंडाने सांगितलं. आणि तोंडानेच विचारलं की तुम्हाला काय वाटतं, मी जावं की नाही. त्यांनी चष्मा काढला. त्रुटी शोधतायत असं मला वाटलं. मग म्हणाले, नको जाऊस. एकवीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा स्पष्ट नाही म्हटलं, कारण न देता. मी म्हटलं, मी जाणार आहे. ते म्हणाले, माहीत आहे. आणि आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.

पुढच्या वेळी त्या पहिल्या रकान्यात बाबांचं एवढंच लिहीन. त्यांना मी जायला नको आहे, आणि मी जाईन याबद्दल त्यांना शंका नाही.

चुका मोजून कळव. माझ्यावरचं तुझं प्रेम कळवलं नाहीस तरी चालेल, ते माझ्यापर्यंत पोचलं आहे.

तुझी,
मुग्धा